अनारसे तुपात हसतात? कारण आधी ओळखा, मग पिठाला हात लावा

कढईत सोडलेला अनारसा दोन-तीन सेकंद शहाण्यासारखा तळाशी बसतो. मग त्याची कड पातळ होते, तिला दाते पडतात, मधलं भोक मोठं होत जातं आणि झारा हातात घेईपर्यंत तुपात फेस, खसखस आणि गुळाचे तपकिरी कण एवढंच उरतं. अनारसा हसला. घरात तोवर दुसरं कोणी हसत नसतं.

दर दिवाळीला आणि दर अधिक महिन्यात हा प्रश्न येतो आणि उत्तरही ठरलेलं असतं: "गूळ जास्त झाला, थोडं पीठ घाल." कधी ते बरोबर निघतं. बाकीच्या वेळी तूप गार असतं, पीठ जाडसर असतं, मोहन (पिठात घालायचं तूप) जास्त पडलेलं असतं, किंवा तांदळाचं पीठ आणि गुळाचा गोळा पुरेसे दिवस मुरलेलाच नसतो. अशा गोळ्यात पीठ घालत गेलं की हसणारे अनारसे दगड होतात, आणि मग त्यांना परत मऊ करायला दूध, दुधामुळे पुन्हा पीठ, असं चक्र सुरू होतं. म्हणून आधी कारण ओळखायचं.

तळताना होतं काय

अनारशात गहू नाही, त्यामुळे धरून ठेवणारा चिकटपणा नाही. त्याला उभं करतो तो तांदळाचा स्टार्च. गरम तुपात तो गोळ्यातल्याच पाण्याने फुगतो आणि घट्ट होतो. त्याच वेळी गूळ वितळून पातळ होत असतो, आणि पाण्याची वाफ वर निघताना भोकं पाडत जाते. स्टार्च वेळेत घट्ट झाला तर त्या भोकांची जाळी होते. गूळ आधी पातळ झाला तर सगळंच पसरतं. शिवाय गूळ पाणी स्वतःकडे धरून ठेवतो, त्यामुळे गूळ जितका जास्त तितका स्टार्च उशिरा आणि जास्त उष्णतेला घट्ट होतो. जास्त गूळ आणि गार तूप एकत्र आले की अनारसा वाचत नाही तो यामुळे.

थोडं पसरणं हवंच असतं, कारण अजिबात न पसरणाऱ्या अनारशाला जाळीही पडत नाही. जाळी आणि हसणं या एकाच वाटेवरच्या दोन पायऱ्या आहेत, आपल्याला पहिलीवर थांबायचं असतं.

एक अनारसा तळा आणि नीट बघा

सगळा गोळा मळायला घेऊ नका. त्यातला २५० ग्रॅमचा तुकडा काढा, बाकीचा डबा बंद ठेवा. पेढ्याएवढी, साधारण २० ग्रॅमची गोळी घेऊन एकच अनारसा तळून पाहा.

तो हसला तर पहिला संशय तुपावर घ्या, कारण ते तपासायला काही खर्च होत नाही. तूप १४० ते १५० अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसेल तर वाटाण्याएवढी गोळी सोडा. ती तळाला जाऊन मनात चार-पाच मोजेपर्यंत शांतपणे वर आली तर तूप ठीक. दहा मोजले तरी तळालाच असेल तर गार आहे, सोडल्याबरोबर उसळून वर आली तर जास्त तापलंय. तूप गार निघालं तर एक मिनिट आच वाढवून दुसरा अनारसा सोडा. हा टिकला तर पिठाला हात लावायची गरज नाही.

दुसराही हसला तर तो कसा हसला ते बघा. इथेच बहुतेकांची चूक होते, कारण हसण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींना नाव एकच.

पहिल्यात अनारसा विरघळतो. कड आधी मऊ होते, मग पातळ, मग धाग्यांसारखी सुटते. तुकडे असे पडतच नाहीत, तूप गढूळ होतं. कच्ची गोळी बोटांना चिकटते, चकाकते आणि ताटलीत दहा मिनिटं ठेवली तर स्वतःच बसून चपटी होते. याचा अर्थ गूळ, ओल किंवा मोहन जास्त आहे.

दुसऱ्यात अनारसा फुटतो. एखाद्या चिरेपासून सुरुवात होते, दोन-तीन तुकडे वेगळे होतात आणि तुकडे तुकडे म्हणून तळले जातात. कच्ची गोळी थापतानाच तिच्या कडांना भेगा पडत होत्या हे तेव्हा आठवतं. इथे पीठ कोरडं आहे, जाडसर आहे किंवा मुरलेलं नाही. यात वरून कोरडं पीठ घालणं म्हणजे आगीत तेल.

तिसराही एक लहान प्रकार आहे: अनारसा चांगला टिकतो, पण एकाच जागी मोठं भोक पडून तिथून फाटतो. तिथे गुळाचा खडा राहिलेला असतो. तो वितळून निघून जातो आणि जागा मोकळी होते. अशा वेळी तळहाताच्या टाचेने ५-७ मिनिटं रगडून मळणं एवढाच उपाय.

विरघळणारा गोळा

याला पीठ लागतं, पण तेच पीठ, म्हणजे भिजवून, वाळवून दळलेल्या तांदळाचं. म्हणून गोळा करतानाच त्यातलं वाटीभर पीठ बाजूला काढून, सावलीत पूर्ण कोरडं करून डब्यात ठेवावं. ही वाटी ज्यांनी ठेवलेली असते त्यांचे अनारसे सहसा वाया जात नाहीत.

२५० ग्रॅम गोळ्याला एका वेळी एक मोठा चमचा, म्हणजे ८-१० ग्रॅम पीठ. मळून अर्धा तास झाकून ठेवा आणि पुन्हा एक तळून पाहा. हा अर्धा तास टाळू नका. कोरड्या पिठाला ओल शोषायला वेळ लागतो, लगेच तळलं तर फरक पडला नाही असं वाटतं आणि हात पुन्हा पिठाच्या डब्याकडे जातो. तीन चमच्यांनंतर थांबा. त्यानंतरही हसत असेल तर कारण गूळ नाही, बहुधा पीठ जाडसर आहे.

राखून ठेवलेलं पीठ नसेल तर बाजारचं बारीक तांदळाचं पीठ चालतं, पण ते न भिजवलेल्या तांदळाचं असतं. ते निम्म्या मापाने घाला आणि चार-पाच तास मुरू द्या. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालून अनारसा टिकतो हे खरं, पण तो अनारशासारखा लागत नाही. मैद्याचा चिवटपणा लगेच कळतो.

ओल जास्त आहे, पण गूळ बेताचा आहे याची खात्री असेल तर दुसरा, थोडा सौम्य मार्ग: गोळा हाताने मोकळा करून परातीत पातळ पसरा, पंख्याखाली २०-३० मिनिटं ठेवा, परत मळा. गोडी तशीच राहते.

फुटणारा गोळा

२५० ग्रॅमला अर्धा छोटा चमचा दूध, तेही शिंपडून, आणि भरपूर मळणं. किंवा पिकलेलं केळं काट्याने अगदी गुळगुळीत करून त्यातलं एक मोठा चमचा. केळं उत्तम बांधतं, फक्त त्यात स्वतःची साखर असते. अर्धं केळं घातलं की फुटणारा गोळा विरघळणारा होतो. दूध किंवा केळं घातलेला भाग त्याच दिवशी तळून संपवायचा, डब्यात परत टाकायचा नाही. बाकी गोळा आंबेल.

पीठ जाडसर असेल तर मळून फार काही होत नाही. दोन बोटांत चोळल्यावर रवा लागत असेल तर गोळ्याचे लहान तुकडे करून मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबून थांबून फिरवा, आणि एक दिवस परत मुरत ठेवा. गोळा होऊन दोनच दिवस झाले असतील तर काहीच करू नका, आणखी तीन दिवस थांबा. घाईत केलेली दुरुस्ती नंतर निस्तरावी लागते.

मुळात बिघडतं ते इथे

तांदूळ जुना घ्यावा, कोलम किंवा साधा जाडा. नवा तांदूळ चिकट होतो, नवा इंद्रायणी तर हमखास. उकडा तांदूळ कधीच नाही: त्यातला स्टार्च आधीच शिजलेला असतो, कढईत पुन्हा फुगून घट्ट होण्यासारखं त्यात फारसं उरत नाही. बासमतीचे तुकडे वापरणारे आहेत, पण एवढा वास गुळाबरोबर नको वाटतो.

तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. या तीन दिवसांत तांदूळ हलका आंबतो आणि दाणा इतका मऊ होतो की दोन बोटांत चुरडला जातो. एका दिवसात भिजवून केलेल्या पिठाला ती बारीक जाळी येत नाही. पाण्याला किंचित आंबूस वास येणं ठीक, घाण वास आला तर पाणी बदलायला उशीर झालाय.

चौथ्या दिवशी शेवटचं धुऊन रोळीत अर्धा तास निथळायचा, मग सुती पंचावर सावलीत पसरायचा. ऊन नको. आता येतो तो टप्पा, जिथे सगळ्यात जास्त अनारसे हसायचे ठरतात. तांदूळ किती वाळवायचा? "थोडा ओलसर" असं सगळे सांगतात आणि ते कोणालाच कळत नाही. हाताने ओळखायची खूण अशी: मूठभर तांदूळ घट्ट दाबून मूठ उघडा. दाणे तळहाताला चिकटले पाहिजेत, पण तळहात ओला दिसता कामा नये. हात ओला झाला तर आणखी वाळवा, दाणे सरळ गळून पडले तर जास्त वाळला. दळल्यावर पिठाची मूठ वळा: ती आकार धरून राहिली पाहिजे आणि बोटाने टोचली की मोडली पाहिजे. मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत पंख्याखाली याला दोन तास लागतात, नागपूरच्या कोरड्या हवेत पाऊण तास पुरतो. म्हणून घड्याळापेक्षा मुठीवर विश्वास ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी हात घाला.

जास्त वाळलाच तर पाण्याचा हलका शिपका देऊन, ओल्या कापडात अर्धा तास गुंडाळून ठेवला की सुधारतो. दळलेल्या पिठात पाणी घालून तो परिणाम मिळत नाही.

मिक्सरमध्ये एका वेळी वाटीभरच दळा आणि थांबून थांबून. भांडं तापलं की पीठ सुकतं. मैद्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेला रवा पुन्हा दळा, दुसऱ्यांदाही उरलेला घावनाला वापरा. गिरणीत ओला तांदूळ घ्यायला सगळे तयार नसतात, आणि घेतला तर आधीच्या दळणाचं पीठ त्यात मिसळतं. तेवढंसं गव्हाचं पीठही जाळी बिघडवतं.

मापाचं बोलायचं तर वाटी दगा देते. किसलेला गूळ वाटीत दाबून भरला की सैल भरला यावर चाळीस-पन्नास ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि ओल्या पिठाचंही तसंच. वजन करा, तेही कोरड्या तांदळाचं, कारण तेच एक स्थिर असतं: ५०० ग्रॅम तांदळाला ३७५ ग्रॅम गूळ. सराव झाला की ४०० पर्यंत जा. त्यापुढे जाळी सुंदर पडते, पण प्रत्येक अनारसा जुगार होतो. "तांदूळ तितका गूळ" हे जुनं माप टणक, कोरड्या गुळाच्या ढेपेचं होतं. आजच्या मऊ, ओलसर, दाबल्यावर बोट रुतणाऱ्या गुळाला ते लावलं तर हसणारच. चिक्कीचा गूळ तर मुळीच घेऊ नये, त्याने अनारसे दाताला चिकटतात. साधा कोल्हापुरी, किसताना भुगा होणारा गूळ घ्यावा.

गूळ किसून, चाळून पिठात मिसळायचा, एक छोटा चमचा पातळ तूप घालायचं आणि रगडून गोळा करायचा. पूर्वी उखळात कांडायचे, मिक्सरमध्ये थोडं थोडं फिरवूनही तेच होतं. ५०० ग्रॅम तांदळाला तूप दोन छोट्या चमच्यांच्या वर जाऊ देऊ नका. खुसखुशीतपणासाठी करंजीसारखं कडकडीत मोहन घालण्याचा मोह अनेकांना होतो. इथे ते पिठाला एकमेकांपासून सुटं करतं.

आणि पहिल्या दिवशी गोळा कोरडाच दिसतो. भरभरीत असतो, दाबला तर जेमतेम एकत्र राहतो. हे बघून त्यात दूध किंवा पाणी शिंपडलं की खेळ संपला. गूळ रात्रभरात विरघळून पाणी सोडतो, दुसऱ्या दिवशी तोच गोळा मऊ झालेला असतो. पहिल्याच दिवशी मऊसूत झालेला गोळा चौथ्या दिवशी चिखल होतो.

स्टीलच्या किंवा काचेच्या कोरड्या डब्यात गोळा दाबून भरा, वरून तुपाचा हात फिरवा, झाकण घट्ट. एक दिवसाआड काढून, उलटून, परत दाबून ठेवा. पाच ते आठ दिवस. किंचित आंबट-गोड वास येणं योग्य. दारूसारखा उग्र वास आणि गोळ्यात फुगे दिसले तर ओल जास्त होती आणि तो आंबला, असा गोळा हसतोच. हिरवा, काळा किंवा गुलाबी डाग दिसला तर वरचा थर खरवडून बाकीचा वापरू नका. सगळा टाकून द्या.

मुरल्यावर फ्रिजमध्ये महिनाभर राहतो. तिथे तो दगडासारखा होतो, त्यामुळे तळण्याआधी तीन-चार तास बाहेर काढून ठेवावा लागतो. गार गोळा तसाच थापला तर कडेला भेगा, आणि मग फुटून हसणं.

थापणं आणि तळणं

२० ग्रॅमची गोळी, व्यास ७ सेंटिमीटर, जाडी ३ ते ४ मिलिमीटर. प्लॅस्टिकच्या कागदावर किंवा केळीच्या पानावर खसखस पसरून त्यावर गोळी ठेवा आणि बोटांच्या टोकांनी मधून बाहेर थापत जा. लाटणं वापरू नका, खसखस आत रुतते आणि जाळी दबते. कड पातळ झाली की विरघळायची सुरुवात तिथूनच होते, म्हणून शेवटी करंगळीच्या बाजूने कड किंचित आत सारून गोल करून घ्या. हे एवढंसं काम बरेच अनारसे वाचवतं.

कढई पसरट आणि जड बुडाची, तूप तीन सेंटिमीटर खोल. एका वेळी एकच अनारसा, खसखशीची बाजू वर. खाली घातली तर खसखस सुटून तळाशी जळते आणि पुढच्या अनारशांना काळे ठिपके पडतात. अनारसा वर तरंगला की झाऱ्याने कडेचं तूप त्याच्यावर उडवत राहा. वरचा भाग त्यानेच शिजतो, उलटायचा नाही. आधी कडेने बारीक बुडबुडे येतात, मग ते मधे सरकतात, आणि ते मंदावायला लागले की जाळी तांबूस दिसते. दीड ते दोन मिनिटं. कढईतून काढताना तो मऊ, लवलवता असतो. दोन झाऱ्यांत हलके धरून तूप निथळू द्या आणि चाळणीत तिरका उभा करा. आडवा ठेवला तर खाली तूप साचून तो भाग मऊच राहतो. कडक होतो तो गार झाल्यावर, त्यामुळे "अजून मऊ आहे" म्हणून जास्त तळला तर तासाभराने हातोडी लागेल.

दर आठ-दहा अनारशांनंतर आच बंद करून तळाचा गाळ गाळून घ्या. जळालेल्या गुळाने तूप फेसाळतं, आणि फेसाळलेल्या तुपात चांगलं पीठही हसतं. "पहिले दहा झाले, मग एकदम बिघडले" या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. जाळी नाही, पुरीसारखा सपाट: तूप जास्त तापलेलं, किंवा पीठ कोरडं, किंवा तांदूळ कमी भिजलेला. बाहेरून काळा, आत कच्चा: आच जास्त. तुपकट: तूप गार किंवा मोहन जास्त. गार झाल्यावर चिवट: चिक्कीचा गूळ, नाहीतर गोळा मुरला नाही. खसखस गळते: गोळी थापण्याआधी वरून सुकली होती, ओलसर कापडाखाली ठेवा.

अधिक महिना, दिवाळी आणि परदेश

अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात. त्या वाणाला जाळीदार पदार्थच लागतो, म्हणून काही घरांत अनारशांऐवजी ३३ बत्तासे देतात. ५०० ग्रॅम तांदूळ आणि ३७५ ग्रॅम गुळाचा गोळा साधारण एक किलो भरतो, म्हणजे २० ग्रॅमचे ४५ ते ५०. हसणारे आणि चाखायचे धरूनही ३३ निघतात.

अधिक महिना दर खेपेला वेगळ्या हवेत येतो, आणि मागच्या वेळचा अनुभव त्यामुळे उपयोगी पडत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा भर पावसात होता: तांदूळ वाळता वाळत नव्हता. अशा हवेत निथळल्यावर कोरड्या पंचात गुंडाळून दाबून पाणी टिपावं, मग पंख्याखाली ठेवावं, आणि गूळ ३५० ग्रॅमवरच थांबवावा. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. त्या उकाड्यात गोळा भराभर आंबतो. तीन-चार दिवस मुरला की फ्रिजमध्ये ठेवायचा.

दिवाळीसाठी तारखा उलट मोजा. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. २४ ऑक्टोबरला संध्याकाळी तांदूळ भिजत घातला तर २७ ला दळून गोळा होतो, सात दिवस मुरून ३ नोव्हेंबरला तळता येतो, आणि काही बिघडलं तर धनत्रयोदशीपर्यंत तीन दिवस हातात राहतात. वसुबारसेला तांदूळ भिजत घालणाऱ्यांनी यंदा अनारसे विकत आणावेत, हे प्रेमाने सांगणं.

परदेशात घरातली हवा १८-२० अंशांवर असेल तर चार दिवस भिजवा आणि आठ-दहा दिवस मुरवा. तांदूळ सोना मसुरी चालतो, 'स्टिकी' असं लिहिलेला नको. खसखस मात्र भारतातून घेऊन जाऊ नका, निदान संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूरला तर नाहीच: तिथे ती बाळगण्याबद्दल कायदा कडक आहे. त्याऐवजी पांढरे तीळ किंवा जाड रवा लावा. बिहारमधल्या गयेच्या अनारशाला तीळच लावतात, त्यात कमीपणा काही नाही. रवा लावला तर तो जास्त तूप पितो, एवढंच.

तळलेले अनारसे पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे चार-पाच तासांनी, डब्यात उभे रचा, तळाला कागद घाला. १०-१२ दिवस चांगले राहतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यात छान लागतात. हसलेल्यांचा चुरा झाऱ्याने काढून कागदावर निथळत ठेवा. गरम दुधात घालून तो लगेच संपतो, आणि मुलं पहिल्यांदा तिकडेच वळतात. गाळलेलं तूप आठवडाभरात शिऱ्याला वापरा, गुळाचा रंग त्याला तसाही शोभतो.